रौप्यपात्रे, विद्यापीठांतील

विद्यापीठातील वा त्याच्या घटक महाविद्यालयातील समारंभांसाठी घडविलेली आणि दात्याच्या किंवा एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ अर्पण केलेली चांदीची भांडी. झारी व तस्त, झाकणाचा चषक, मीठदाणी, सुरापात्र, ताटे इत्यादींचा त्यांत समावेश होतो. ही परंपरा प्रामुख्याने इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांत वाढली आणि तेथून सतराव्या शतकात ती उत्तर अमेरिकेतील हार्व्हर्ड येथे गेली. या दोन्ही इंग्रजी विद्यापीठांत भांड्यांची मालकी बहुशः विद्यापीठाकडे नसून कॉलेजांकडे असे. कॉलेज हे शिक्षणाचे तसेच सहनिवासाचे व सहभोजनाचे ठिकाण असल्याने तेथील स्मारके पुष्कळदा भोजनगृहातील मेजावरच आढळतात.

या पात्रांमध्ये झारीचे स्थान विशेष मानाचे होते. इंग्लंडमध्ये जेवणाच्या काट्याचा वापर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ झालेला नव्हता. मंडळी सुरीने कापून बोटांनी जेवत. त्यामुळे मेजवानीत सेवकाने उजव्या हातात झारी व डाव्या हातात तस्त घेऊन पाहुण्यांच्या हातांवर गुलाबपाणी घालणे हा सत्काराचाच एक भाग होता. मराठी सरदार घराण्यांत भोजनोत्तर तस्त व झारी पुढे करण्याची जी चाल होती, तिचाच हा इंग्रजी प्रकार म्हणता येईल. काटा आल्यावर इंग्लंडमधील झारीचे काम संपले. आपल्याकडे हात धुण्याची गरज कायम राहिली, म्हणून झारी व तस्त हे जोडपे घरोघर टिकले. तेथे मात्र ते शोभेचे झाले. काही कॉलेजांच्या मेजवान्यांत गुलाबपाण्याचे पसरट पात्र हातोहात फिरविण्याची प्रथा तेवढी मागे राहिली.

झारी घडविण्याची पद्धत आपल्या तांबट-सोनारांच्या पद्धतीहून फारशी निराळी नव्हती. चांदीच्या जाड चकतीला लोखंडी ठोकणीवर ठोके देत देत तिचा पोकळ घट उभा करीत. ठोक्यांनी धातू ताठर झाला, की तो तापवून पुन्हा मऊ करीत. तोटी, मूठ व बैठक वेगळी करून डाखाने जोडीत. सोन्याचा मुलामा द्यावयाचा असल्यास सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप पात्रावर देत व उष्णतेने पारा उडवून लावीत. हे काम कारागिराच्या प्रकृतीस फार घातक असे. शेवटी दात्याची कुलचिन्हे व दानलेख कोरण्यात येत.

तथापि या पात्रांचा इतिहास त्यांच्या घडणीपेक्षा त्यांच्या धातूने अधिक ठरविला. इंग्लंडमधील भांड्यांची चांदी व नाण्यांची चांदी सामान्यतः एकाच कसाची, म्हणजे १,००० भागांत ९२५ भाग शुद्ध (स्टर्लिंग) असे. भांड्यावर चित्त्याच्या मुखाचा छाप मारण्याचा कायदा १३०० मध्ये झाला, वर्षदर्शक अक्षराची पद्धत १४७८ पासून सुरू झाली आणि चालत्या सिंहाचा छाप १५४४ पासून आला. कस एकच असल्यामुळे भांडे वितळवून नाणी पाडणे किंवा नाणी वितळवून भांडे घडविणे यांत मजुरीखेरीज काही बुडत नसे. पात्राच्या दर्शनी बाजूस दात्याचे नाव व कुलचिन्ह आणि तळाशी बारीक अक्षरांत त्याचे औंसांतील वजन, अशी नोंद अनेक पात्रांवर आढळते. दर्शनी बाजू स्मरणाची व तळ खजिनदाराचा, असे याचे वर्णन करता येईल. पेढ्यांचा प्रसार होण्यापूर्वी कॉलेजला आपली शिल्लक सुरक्षित ठेवण्याचा हा एक सोयीचा मार्ग होता, आणि संकटकाळी तिला हात घालण्याचा मोहही त्यातूनच निर्माण होई.

पात्रे जमा होण्याचे मार्ग अनेक होते. संस्थापक वा बिशप मृत्युपत्राने ती देत. धनिकांचे पुत्र जादा शुल्क भरून अध्यापकांच्या पंक्तीत भोजनाचा मान मिळवीत व कॉलेजला एखादे रौप्यपात्र देत. पुढे ही देणगी ऐच्छिक न राहता जवळजवळ करासारखी झाली. झिजलेली वा पोचे आलेली पात्रे कॉलेज स्वतःच मोडीत काढी आणि नव्या पात्रावर जुन्याच दात्याचे नाव पुन्हा कोरून घेई. त्यामुळे दानलेखातील वर्ष आधीचे व कसाचा छाप नंतरचा, अशी पात्रे वारंवार दिसतात. धातू तोच, नावही तेच, केवळ आकार नवा; देवालयाच्या जीर्णोद्धाराची आठवण करून देणारा हा व्यवहार आहे. वस्तूपेक्षा स्मरण महत्त्वाचे, हे त्यामागील गृहीत तत्कालीन लोकांना खटकत नसे. संग्रहालयांच्या सवयीने जुनी वस्तू जशीच्या तशी राहावी अशी आपली अपेक्षा झाली आहे, ती त्यांची नव्हती.

आज उपलब्ध असलेल्या विद्यापीठीय झाऱ्यांमध्ये केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजातील मुलामा दिलेली झारी व तिचे तस्त यांची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. मॅथ्यू पार्कर (१५०४–७५) याने ही जोडी १५७० मध्ये कॉलेजला दिली. तो याच कॉलेजचा विद्यार्थी असून १५४४ ते १५५३ या काळात तेथील मास्टर, म्हणजे प्रमुख होता व १५५९ पासून मृत्यूपर्यंत कॅंटरबरीचा आर्चबिशप होता. झारीवरील छाप मात्र १५४५ च्या सुमाराचा आहे. येथे दान नंतरचे व घडण आधीची, असा नेहमीच्या उलट क्रम दिसतो.

हे घडणीचे साल अर्थपूर्ण आहे. आठवा हेन्री (कार. १५०९–४७) याने युद्धखर्चासाठी १५४४ पासून नाण्यांत तांबे मिसळण्याचा सपाटा लावला. १५४५ मध्ये रौप्यनाण्यातील शुद्ध चांदी निम्म्यावर व १५४६ मध्ये एक तृतीयांशावर आली. भांड्यांचा कस मात्र पूर्ववत राहिला. सिंहाचा छाप नेमका १५४४ मध्ये आला, तो भांड्यांची चांदी अजून खरी आहे ही ग्वाही देण्यासाठीच असावा, असा संबंध बहुतेक अभ्यासक जोडतात. म्हणजे ही झारी घडली त्या वर्षी इंग्लंडमध्ये राजाच्या मुद्रेपेक्षा सोनाराचा छाप अधिक विश्वसनीय होता. त्याच सुमारास धर्मसुधारणेच्या लाटेत मठ विसर्जित झाले (१५३६–४०) व पाठोपाठ चर्चमधील चषक व तबके राजाच्या खजिन्यात जाऊ लागली. मठांची ग्रंथालये उधळली गेली आणि हस्तलिखितांची पाने बांधणीच्या पुठ्ठ्यांत व दुकानांतील पुड्यांत खपली.

पार्करने हे सर्व पाहिले होते. आर्चबिशप झाल्यावर त्याने उधळलेल्या ग्रंथांचा शोध सुरू केला. सहाव्या शतकातील सेंट ऑगस्टीनची शुभवर्तमाने, अँग्लो-सॅक्सन बखरीची सर्वांत जुनी प्रत आणि अशी शेकडो हस्तलिखिते त्याच्या संग्रहात आली. हा संग्रह त्याने आपल्या कॉलेजच्या स्वाधीन केला तो मोठ्या चतुर अटींवर. दरवर्षी गॉन्व्हिल अँड कीझ आणि ट्रिनिटी हॉल या शेजारच्या दोन कॉलेजांच्या प्रतिनिधींनी येऊन ग्रंथांची मोजदाद करावी. हस्तलिखिताचे पान गहाळ असल्यास ४ पेन्स दंड. फोलिओ आकाराचे ६, क्वार्टो आकाराचे ८ किंवा त्याहून लहान आकाराचे १२ ग्रंथ निष्काळजीपणाने हरवले आणि ६ महिन्यांत परत मिळाले नाहीत, तर संपूर्ण संग्रह आणि त्याबरोबर पार्करने दिलेली सर्व रौप्यपात्रे कीझ कॉलेजच्या मालकीची व्हावीत. कीझनेही तशीच हयगय केल्यास ती ट्रिनिटी हॉलकडे जावीत आणि तेथेही तेच घडल्यास पुन्हा कॉर्पसकडे यावीत.

या व्यवस्थेचे मर्म असे, की तपासनीस हाच चूक सापडल्यास लाभाचा धनी होता. पार्करने शेजाऱ्याच्या लोभाला पहाऱ्यावर बसविले. शिवाय झारी व ग्रंथ एकाच दानपत्राने जखडल्यामुळे ग्रंथांना चांदीचे तारण मिळाले आणि चांदीला ग्रंथांच्या राखणीचे. जुने ग्रंथ गेल्याची खंत करणारे अध्यापक थोडे असतील. मेजवानीच्या मेजावरील मुलाम्याची झारी शेजारच्या कॉलेजात जाणे मात्र कोणालाच सहन झाले नसते. संग्रह आजतागायत कॉर्पसमध्येच आहे, आणि वार्षिक तपासणीची परंपराही चालत आली आहे.

पार्करने कायद्याचा आधार घेतला, तर त्याच्या आधीच्या एका दात्याने शापाचा. विंचेस्टरचा बिशप टॉमस लँग्टन याने १४९७ मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजला झाकणाचा एक चषक दिला. तो परक्याच्या हाती देणारा शापित होवो, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्याने त्यावर कोरविला. त्यामुळे चषकालाच शापचषक (अनॅथेमा कप) हे नाव पडले. लंडनचा वर्षदर्शक छाप असलेल्या सर्वांत जुन्या पात्रांत त्याची गणना होते. शिलाहार व यादव काळातील दानलेखांतील शापवचने आणि गद्धेगाळाचे शिलापट्ट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या इंग्रज बिशपची भाषा पुष्कळच सौम्य वाटेल. पण प्रेरणा एकच आहे : दान देणाऱ्यापाशी मृत्यूनंतर दुसरे कोणतेही शस्त्र उरत नाही.

या उपायांची खरी कसोटी १६४२ च्या यादवी युद्धात लागली. पहिला चार्ल्स (कार. १६२५–४९) व पार्लमेंट यांच्यातील संघर्ष पेटताच राजाने दोन्ही विद्यापीठांकडे पैसा व चांदी मागितली. केंब्रिजच्या कॉलेजांनी पात्रे राजाकडे रवाना करण्याची तयारी केली. ऑगस्ट १६४२ मध्ये तेथील पार्लमेंट-सदस्य ऑलिव्हर क्रॉमवेल (१५९९–१६५८) याने ही रवानगी अडविली. या चांदीची किंमत सुमारे २०,००० पौंड असल्याची वदंता पार्लमेंटमध्ये सांगितली गेली. काही ऐवज त्यापूर्वीच निसटला होता, त्यामुळे सेंट जॉन्स, क्वीन्स व जीझस या कॉलेजांच्या प्रमुखांना पकडून लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले.

ऑक्सफर्डची कथा अधिक करुण आहे, कारण तेथे राजा स्वतःच येऊन राहिला. एजहिलच्या लढाईनंतर ऑक्टोबर १६४२ मध्ये त्याने ऑक्सफर्डला राजधानी केली, टॉमस बुशेल याच्या देखरेखीखालील टांकसाळ न्यू इन हॉल या विद्यार्थिनिवासात आणविली आणि जानेवारी १६४३ मध्ये कॉलेजांना पत्रे पाठवून पात्रे कर्जाऊ मागितली. साध्या चांदीस औंसामागे ५ शिलिंग व मुलाम्याच्या चांदीस साडेपाच शिलिंग या दराने परतफेड करण्याचे वचन त्यात होते. एक्झीटर कॉलेजने आपल्या नियमांकडे बोट दाखवून प्रथम काचकूच केली. परंतु ती फार काळ टिकली नाही. दीड हजार ट्रॉय पौंडांहून अधिक, म्हणजे साडेपाचशे किग्रॅ.च्या वर चांदी भट्टीत गेली. मॉड्लिन कॉलेजचा वाटा त्यात सर्वांत मोठा होता. कर्ज परत मिळाले नाही. पात्रांच्या बदल्यात कॉलेजांच्या दप्तरात वजनांच्या याद्या तेवढ्या उरल्या.

त्या चांदीची नाणी आज संग्राहकांना अतिशय प्रिय आहेत. एकेक पौंडाची थोरली रौप्यनाणी तेथे पाडली गेली. १६४४ मध्ये टॉमस रॉलिन्सने कोरलेल्या क्राउन नाण्यावर अश्वारूढ राजाच्या खाली ऑक्सफर्ड नगराचे मनोरे दाखविलेले आहेत. ज्या शहराच्या भोजनगृहांतून ती चांदी आली, त्याचेच ते चित्र होय. नाण्यांच्या मागील बाजूस प्रॉटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे व पार्लमेंटचे स्वातंत्र्य यांचे रक्षण करण्याची राजाची घोषणा आहे. चार शतकांच्या दात्यांची नावे पुसून ती जागा या घोषणेने घेतली, आणि १६४६ मध्ये ऑक्सफर्ड पार्लमेंटच्या सैन्याच्या स्वाधीन झाले. राजाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या इतिहासकारांनी या प्रसंगाला राजनिष्ठेचा कळस म्हटले आहे. तथापि मागणारा सशस्त्र व घरातच मुक्कामाला असताना दिलेल्या कर्जात निष्ठा किती व निरुपाय किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

जे वाचले त्याची कारणे पाहणे उद्बोधक ठरते. ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजने संस्थापक बिशप रिचर्ड फॉक्स याची पात्रे राखली. क्वीन्स कॉलेजातील चौदाव्या शतकातील पेयशृंग वाचले. शिंगाचा पेला व त्यावर थोडीशी चांदी, त्यातून नाणी ती किती निघणार? चांदीची कड बसविलेले लाकडी वाडगे ओरिएल व ऑल सोल्स या कॉलेजांत टिकले, त्याचेही कारण बहुधा हेच असावे. केंब्रिजच्या कॉर्पसमध्ये पात्रे अध्यापकांत वाटून त्यांना रजेवर धाडले व युद्ध संपल्यावर ती परत गोळा केली, असे सांगतात. पार्करची झारी अशा रीतीने वाचली. म्हणजे अखेरीस ना शाप कामी आला ना कायदा. कामी आले ते त्या अध्यापकांचे इमान. युद्धकाळात औंसाच्या भावाने विकून टाकण्याजोगा ऐवज घेऊन गेलेली ही माणसे तो घेऊन परतली. पात्रांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा एका वाक्यात आटोपतात.

१६६० मध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यावर कॉलेजांनी रिकामी फडताळे पुन्हा भरण्यास प्रारंभ केला. १६८५ नंतर फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट कारागिरांनी शिरस्त्राणाच्या आकाराची नवी झारी लोकप्रिय केली. नाणी वितळवून भांडी करण्याचे प्रमाण इतके वाढले, की १६९७ मध्ये भांड्यांचा कस १,००० भागांत ९५८ भागांपर्यंत मुद्दाम चढविण्यात आला व १७२० मध्ये जुन्या कसाला पुन्हा मुभा मिळाली. या काळातील पात्रे संख्येने विपुल आहेत. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

हार्व्हर्ड येथे (स्था. १६३६) ही परंपरा बीजरूपाने आली. तेथील सर्वांत प्रसिद्ध जुने पात्र म्हणजे १६४४ मध्ये रिचर्ड हॅरिस याने दिलेली थोरली मीठदाणी. त्याच्या बहिणीचा पहिला पती जोस ग्लोव्हर हा मुद्रणयंत्र घेऊन अमेरिकेस येताना १६३८ मध्ये वाटेतच मरण पावला. त्या यंत्रावर इंग्रजी वसाहतींतील पहिले मुद्रण झाले आणि त्याची विधवा पुढे हार्व्हर्डचा पहिला अध्यक्ष हेन्री डन्स्टर याची पत्नी झाली. १७०१ मध्ये बॉस्टनचा सोनार जॉन कोनी याने घडविलेला दोन कानांचा, झाकण असलेला चषक विल्यम स्टॉटन (१६३१–१७०१) याने दिला. अध्यक्षांच्या अधिकारग्रहणासारख्या प्रसंगी ही जुनी पात्रे मांडण्याचा प्रघात तेथे पडला.

स्टॉटनचे नाव मात्र निर्मळ नाही. १६९२ मध्ये सेलम येथील चेटकिणींच्या खटल्यांत तो मुख्य न्यायाधीश होता. त्यात १९ जणांना फाशी झाली व एकाला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. त्याचा सहकारी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने १६९७ मध्ये भर प्रार्थनामंदिरात आपला दोष कबूल केला. स्टॉटनने तसे काही केले नाही. हार्व्हर्डला त्याने एक इमारतही दिली होती. ती १७८१ मध्ये पाडावी लागली. चषक राहिला. वितळण्यापासून वाचलेले स्मारक दात्याची कीर्ती जपते तशी अपकीर्तीही जपते, आणि दोहोंपैकी पुढच्या पिढ्या काय लक्षात ठेवतील हे दानलेख ठरवू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती दोन्ही अंगांनी पालटली. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन पेढीने विद्युत्-मुलाम्याचे एकस्व मिळविले व चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. अमेरिकेत मद्यपानविरोधी चळवळीच्या काळात सुरापात्राऐवजी पाण्याची झारी मानचिन्ह म्हणून देण्याची पद्धत वाढली. बर्फाचे पाणी थंड ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या झारीचे एकस्व बॉल्टिमोरच्या जेम्स स्टिम्पसनने १८५४ मध्ये घेतले. पुढे जर्मनी व अमेरिका यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत सुवर्णचलनाची कास धरली आणि नेव्हाडातील खाणींमुळे चांदीचा पुरवठाही वाढला होता. भाव कोसळले. भारतात रुपयाची घसरण झाली व १८९३ मध्ये टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद कराव्या लागल्या, हा याच घटनाक्रमाचा भाग होय. चांदीचे नाण्याशी असलेले नाते तुटत गेले, तसतसे समारंभपात्र निव्वळ स्मारक बनले.

भारतीय विद्यापीठांत ही प्रथा रुजली नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली, आणि तो नमुना परीक्षा घेऊन पदव्या देण्याचा होता, एकत्र राहण्या-जेवण्याचा नव्हे. म्हणून झगे, कुलपती व पदवीदान समारंभ आले. भोजनगृहाचे मेज आले नाही, अन् त्याबरोबरची झारीही आली नाही. आपल्याकडील दात्यांनी चांदी मेजावर ठेवण्याऐवजी पदकांत घातली व व्याजातून पारितोषिके नेमली. मुंबई विद्यापीठाच्या दिनदर्शिकेतील अशा निधींच्या याद्या म्हणजे एका अर्थी आपली रौप्यपात्रेच होत.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला. तेव्हा पाश्चात्त्य देशांतील असंख्य घरांतली जुनी भांडी, त्यांवरील नावे न वाचताच, केवळ वजनावर भट्टीत गेली. मार्च १९८० मध्ये भाव पडला.